बेडकांच्या मेळाचे दप्तर: मंडूकसूक्तापासून नवी मुंबईपर्यंत

१/ सन १८४७. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणारे इंग्रज शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी मुंबईच्या वरळी टेकडीतील दगडांत सापडलेल्या एका चिमुकल्या बेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये गाडला गेलेला हा बेडूक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पुढे १९३० मध्ये त्याला 'इंडोबॅट्रॅकस' हे नाव मिळाले. त्याची हाडे उरली. त्याचा आवाज कसा होता, हे मात्र कोणत्याही दगडाने जपले नाही.

२/ साडेसहा कोटी वर्षे तर दूरची गोष्ट. १९७० च्या मृगात बेलापूर ते पनवेल या पट्ट्यातील भातखाचरांत पहिल्या पावसाच्या रात्री जो मेळ उठला असेल, त्याचेही ध्वनिदप्तर नाही. त्या जमिनीचे सातबारे आहेत, नकाशे आहेत, संपादनाचे कागद आहेत. बेडकांचा सामूहिक आवाज कागदावर उतरवायला माणूस कसा शिकला आणि ती विद्या सह्याद्रीपर्यंत कशी पोहोचली, याचा हा इतिहास. 🧵

३/ सर्वांत जुना पुरावा वेदातला. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त 'मंडूकसूक्त' म्हणून ओळखले जाते. वसिष्ठांच्या नावावर असलेल्या या दहा ऋचांत वर्षभर मौन पाळून पर्जन्यकाळी बोलू लागणाऱ्या बेडकांची तुलना व्रतस्थ ब्राह्मणांशी केली आहे. यास्काचार्यांच्या निरुक्तात या सूक्तामागची परंपरा नोंदलेली आहे: वसिष्ठ पावसासाठी पर्जन्याची स्तुती करीत होते आणि बेडकांनी त्यांना दुजोरा दिला.

४/ या सूक्तातील दोन निरीक्षणे आजच्या अभ्यासकालाही थांबवतील. पहिले: एक बेडूक दुसऱ्याचे बोलणे उचलतो, जसा शिष्य गुरूमागून पाठ म्हणतो. दुसरे: नाव एकच असले तरी रूपे आणि आवाज निरनिराळे, कोणी गाईसारखा हंबरतो, कोणी शेळीसारखा ओरडतो. सामूहिक हाकांतील 'प्रतिसाद' आणि 'प्रजातिभेद' या दोन्ही गोष्टी येथे कानाने टिपलेल्या आहेत.

५/ युरोपीय पंडितांना मात्र हे सूक्त कोड्यात टाकत राहिले. मॅक्स म्युलर यांना त्यात पुरोहितवर्गाची थट्टा दिसली. १८९६ मध्ये अमेरिकन अभ्यासक मॉरिस ब्लूमफिल्ड यांनी वेगळे मत मांडले: हे विडंबन नसून पाऊस पाडण्यासाठीचे गंभीर मंत्रपठण आहे. वाद कवीच्या हेतूचा होता. बेडूक खरोखरच एकमेकांना उत्तर देतात काय, हा प्रश्न त्या वादात आला नाही.

६/ महाराष्ट्राच्या लोकजीवनातही बेडूक पावसाशी बांधलेला आहे. पंचांगात पर्जन्यनक्षत्रांना वाहने दिलेली असतात; वाहन बेडूक असेल तर पाऊस चांगला, असा समज. पाऊस रुसला की 'धोंडी' काढण्याची प्रथा अनेक भागांत होती: मुसळाला बेडूक बांधून मुले दारोदार फिरत आणि घरच्या बाया त्यावर पाणी ओतत. शेतकऱ्याचा कान तयार होता. पण त्याने ऐकलेले त्याच्याबरोबरच जात असे.

७/ १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि १८८६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. पशुपक्ष्यांच्या निरीक्षणांना तारीख, स्थळ आणि नाव मिळू लागले. चार्ल्स मॅकॅन यांच्या भारतीय बेडकांवरील टिपणांनाही याच नियतकालिकात १९३२ मध्ये जागा मिळाली. बेडकांचा रंग, लांबी, पायांची पडदी यांचे मोजमाप आता नेमके झाले होते.

८/ आवाजाचे तसे नव्हते. तो लिहायचा तर उपमेचाच आधार: कोणाचा आवाज घंटेसारखा, कोणाचा लाकडावर ठोकल्यासारखा. 'डराव डराव' हा मराठी शब्दही असाच. तो एका बेडकापुरता ठीक आहे. पण शंभर बेडूक एकदम बोलू लागले की कोणता आधी बोलला, कोणी उत्तर दिले, कोण गप्प राहिला हे सांगणारी लिपीच नव्हती.

९/ ध्वनी साठवण्याचे यंत्र आले ते एडिसनच्या फोनोग्राफने. १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कोख नावाच्या लहान मुलाने मेणाच्या नळकांड्यावर पाळीव पक्ष्याचे गाणे टिपले. प्राण्याच्या आवाजाचे हे सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण मानले जाते. तो पक्षी होता शामा, भारतीय उपखंडातला, सह्याद्रीच्या रानांतही राहणारा. आवाज आता पुन्हा ऐकता येऊ लागला. तो मोजता येणे अजून दूर होते.

१०/ त्यामागचे गणित जुने होते. फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए यांनी उष्णतेवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात मांडलेल्या पद्धतीने कोणताही गुंतागुंतीचा तरंग साध्या तरंगांत फोडता येतो. हे काम आवाजावर करणारे 'साउंड स्पेक्ट्रोग्राफ' हे यंत्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विकसित झाले. १९४७ मध्ये त्यावर 'व्हिजिबल स्पीच' हा ग्रंथ निघाला. दृश्य वाणी: नाव अचूक होते.

११/ या यंत्रातून निघते ते चित्र म्हणजे स्पेक्ट्रोग्राम. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर वारंवारता, म्हणजे आवाजाचा चढ-उतार. आणि ठसा जितका गडद तितका आवाज जोरकस. मोठ्या बेडकाचा खर्ज चित्रात तळाशी दिसतो, छोट्याची बारीक टिकटिक वर. कानाला जो गोंगाट वाटतो त्याच्या ओळी डोळ्यांसमोर वेगवेगळ्या होतात. मोडी वाचणाऱ्याला जशी अक्षरे सुटी होत जातात, तसेच हे.

१२/ १९५० च्या दशकात अशी यंत्रे प्राणिशास्त्रज्ञांच्या हाती आली आणि बेडूक हा ध्वनिशास्त्राचा आवडता विषय झाला. १९६५ मध्ये रॉबर्ट कॅप्रानिका यांनी कृत्रिम हाका ऐकवून अमेरिकन बुलफ्रॉगला उत्तर द्यायला लावले. १९७६ मध्ये पीटर नॅरिन्स आणि कॅप्रानिका यांनी पोर्तो रिकोच्या 'कोकी' बेडकाबद्दल दाखवले की, हाकेतील 'को' हा भाग इतर नरांसाठी असतो आणि 'की' हा माद्यांसाठी. एकाच हाकेत दोन निरोप.

१३/ मेळाकडे लक्ष मात्र त्याआधीच गेले होते. १९४९ मध्ये कोलमन गॉइन यांनी 'स्प्रिंग पीपर' या अमेरिकन बेडकाच्या मेळात तिघातिघांचे गट क्रमाने हाका देतात, असे नोंदवले. ज्याला गर्दी समजले जात होते तिच्यात रांग होती. वसिष्ठांच्या शिष्य-गुरूच्या उपमेला हजारो वर्षांनी मिळालेले हे समर्थनच म्हणावे लागेल.

१४/ मुळात एकत्र ओरडायचेच कशासाठी? बहुतेक प्रजातींत हाक देतो तो नर, माद्यांना बोलावण्यासाठी. अनेक नर एकत्र आले की आवाज लांब जातो. पण ऐकणारे शत्रूही असतात. १९८१ मध्ये मर्लिन टटल आणि मायकेल रायन यांनी पनामात दाखवले की तेथील एक वटवाघूळ बेडकाच्या हाकेवरूनच भक्ष्य शोधते. समूहात एकट्यावरचा धोका वाटला जातो. हाक म्हणजे आमंत्रण, आणि जिवावरची जोखीमही.

१५/ समूहात पुन्हा स्पर्धा आहेच. दोन हाका एकमेकींवर पडल्या तर अनेक प्रजातींतील माद्या आधी आलेल्या हाकेकडे वळतात. मागाहून बोलणाऱ्याचे श्रम वाया जातात. म्हणून शेजारचे नर एकमेकांच्या मधल्या फटीत आपली हाक बसवतात. आणि एकाने सुरुवात केली की सारा समूह बोलतो, थांबला की बराच वेळ सारे शांत. ज्या शांततेने रात्री जाग येते, ती याच मेळातली विश्रांती.

१६/ अभ्यासकासमोरची खरी अडचण अशी की, एकच मायक्रोफोन सगळ्यांचा आवाज एकत्र ऐकतो. कोणता आवाज कोणाचा हे तो सांगत नाही. जपानमध्ये इक्क्यू आयहारा आणि सहकाऱ्यांनी यावर साधा उपाय काढला. आवाज ऐकताच उजळणारी छोटी दिवे-यंत्रे त्यांनी भातशेताच्या बांधावर ओळीने मांडली आणि लांबून व्हिडिओ घेतला. ज्या दिव्याजवळचा बेडूक बोलला, तो दिवा लागला.

१७/ २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शेजारचे बेडूक आळीपाळीने हाका देताना दिसले. २०१९ मध्ये याच गटाने बेडकांची ही पद्धत बिनतारी संवेदकांच्या जाळ्यासाठी गणितात मांडली: शेजारच्या यंत्रांचे संदेश एकमेकांवर आदळू नयेत आणि मधल्या विश्रांतीत ऊर्जाही वाचावी. भातखाचरातला नियम असा संगणकशास्त्राच्या कामी आला.

१८/ भारतात हे काम मराठी मुलुखाच्या शेजारी, धारवाडला रुजले. १९९० च्या दशकात कर्नाटक विद्यापीठातील कनमडी आणि सहकाऱ्यांनी जर्मन ध्वनिअभ्यासक हान्स श्नायडर यांच्यासह तेथील बेडकांच्या हाकांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांत ठिपकेदार वृक्षबेडूक होता, आणि पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन निळ्या स्वरपिशव्या फुगवणारा आपला मोठा रानबेडूकही, ज्याला इंग्रजीत बुलफ्रॉग म्हणतात.

१९/ पुढच्या दोन दशकांत सह्याद्रीतून नव्या प्रजातींची रीघ लागली. आंबोलीचा 'झँथोफ्रिनी टायग्रिना' हा भेक २००९ मध्ये, साताऱ्याकडील 'राऑर्केस्टिस घाटेई' २०१३ मध्ये, आंबोलीचाच 'इंडिराना चिरावासी' २०१४ मध्ये. दिसायला जवळजवळ सारखे असलेले बेडूक ओळखताना शरीराची मापे, जनुके आणि हाक असे तिहेरी पुरावे जुळवले जातात. आवाज हा आता ओळखीचा दाखला झाला आहे.

२०/ या कथेतील सर्वांत विलक्षण प्रकरण सातारा जिल्ह्यातील हुंबरळी गावाजवळच्या ओढ्यावरचे. २०१० ते २०१२ च्या पावसाळ्यांत तेथे 'निक्टीबॅट्रॅकस हुमायुनी', म्हणजे बॉम्बे नाइट फ्रॉग, या निशाचर बेडकाचा अभ्यास झाला. २०१६ मध्ये बर्ट विलार्ट, रॉबिन सुयेश, सोनाली गर्ग, वरद गिरी, मार्क बी आणि सत्यभामा दास बिजू यांनी तो प्रसिद्ध केला. त्यात मीलनाची अज्ञात रीत होती, आणि मादीची हाकही.

२१/ मादीची हाक ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. जगभरात फार थोड्या बेडूक-प्रजातींत माद्या हाक देताना आढळल्या आहेत. ओढ्याचा खळाळ, पावसाची टपटप आणि नरांचा मेळ यांच्या आड ती सहज लपते. या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन १९५५ मध्येच झाले होते. शरीर साठ वर्षे शास्त्राला ठाऊक होते. मादीचा आवाज दप्तरात दाखल व्हायला तेवढा काळ जावा लागला.

२२/ या बेडकाच्या नावातील हुमायुनी म्हणजे मुंबईचे निसर्ग-अभ्यासक हुमायून अब्दुलअली. त्यांचे बेडकांशी नाते नावापुरते नव्हते. भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी हॉटेलांसाठी वर्षाला हजारो टनांनी निर्यात होत होत्या. अब्दुलअलींनी १९८५ मध्ये या व्यापारावर सविस्तर लेख लिहिला. त्याच वर्षी रानबेडकाचा आंतरराष्ट्रीय व्यापार-निर्बंधांच्या यादीत समावेश झाला. १९८७ मध्ये भारताने निर्यात बंद केली.

२३/ येथे इतिहासाचा एक बोचरा धडा आहे. किती तंगड्या गेल्या याचा हिशेब बंदरावर टनांत ठेवला गेला, कारण त्याला किंमत होती. ज्या शेतांतून बेडूक पकडले गेले तेथला मेळ किती विरळ झाला, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. बेडूक पिकांवरील कीड खातो हा युक्तिवाद बंदीच्या बाजूने झाला. हरवलेला आवाज पुराव्यात मांडता आला नाही, कारण आधीचा आवाज नोंदलेलाच नव्हता.

२४/ हाच धडा नवी मुंबईला लागू पडतो. १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील ९५ गावे आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र या योजनेत आले.

२५/ ही जमीन मोकळी नव्हती. आगरी-कोळी समाजाने पिढ्यान् पिढ्या बांध घालून खाडीचे पाणी रोखले होते. कोठे मिठागरे, कोठे खारभूमीतील भातशेती. बहुतेक बेडकांना खारे पाणी सोसत नाही. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले, खाचरात गोडे पाणी साचले, की तेथे बेडकांची अंडी आणि भैरे दिसू लागत. माणसाचा बांध फुटला तर भाताबरोबर बेडकांचा पाळणाही बुडे.

२६/ जमिनीसाठी झालेला संघर्ष इतिहासात नोंदलेला आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात पाच जणांनी प्राण दिले. पुढे उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावे हलली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे विमानतळाचे उद्घाटन झाले. माणसांच्या हानीचे कागद आहेत. भूप्रदेशाच्या आवाजाचा कागद नाही.

२७/ आज असा कागद करणे अवघड राहिलेले नाही. तळहातावर मावणारी 'ऑडिओमॉथ'सारखी स्वयंचलित यंत्रे रात्रभर झाडाला बांधून ठेवता येतात. हजारो तासांच्या मुद्रणातून संगणक हाका वेचून काढतो: कोणती प्रजाती किती वाजता बोलू लागली, पाऊस थांबल्यावर किती वेळ बोलली, रस्त्यावरच्या वाहनांच्या घरघरीत तिची हाक झाकली गेली काय. तीच जागा दहा वर्षांनी पुन्हा ऐकली की तुलना उभी राहते.

२८/ पण दप्तराची शिस्त येथेही हवी. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापताना अस्सल पत्रे मूळ रूपात पुढे ठेवली. तारीख आणि ठिकाण ठरवल्याशिवाय पत्राचे मोल ठरत नाही. ध्वनिमुद्रणाचेही तसेच. दिनांक, वेळ, नेमकी जागा, तापमान, पाऊस आणि वापरलेले यंत्र यांची नोंद नसेल, तर मुद्रण ऐकायला गोड, पण साधन म्हणून अपुरे.

२९/ आणि साधनाची मर्यादाही ओळखावी लागते. यंत्राला ऐकू येतो तो बोलणारा बेडूक. बहुतेक माद्या, पिल्ले आणि त्या रात्री गप्प राहिलेले नर त्याच्या लेखी नसतात. तापमान बदलले की हाकेचा वेग बदलतो. म्हणून एका रात्रीच्या शांततेवरून 'बेडूक संपले' असे म्हणता येत नाही आणि एका रात्रीच्या गजरावरून 'सारे ठीक आहे' असेही नाही. अनेक रात्री, अनेक वर्षे, हेच त्यावर उत्तर.

३०/ मृग लागला की खारघरच्या डोंगरपायथ्याशी, पारसिकच्या उतारांवर आणि इमारतींच्या मधल्या रिकाम्या भूखंडांवर साचलेल्या पाण्यात मेळ अजूनही उठतो. त्या भूखंडावर पुढच्या पावसाळ्यात पाया खोदला जाईल, किंवा जाणारही नाही. १९७० चा मृग कोणालाच पुन्हा ऐकता येणार नाही. यंदाची रात्र तारखेसह नोंदली गेली, तर २०७० मधला इतिहासकार तरी रिकाम्या दप्तरासमोर बसणार नाही.